ओटावातील ट्रेनच्या भरवशावर घर ठरवावे का?

सप्रेम नमस्कार,

आपण नाशिकच्या इंदिरानगरहून पाठवलेला प्रश्न नीट वाचला. आपल्या यजमानांना कॅनडातील ओटावाच्या पश्चिमेकडील कनाटा भागात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मिळाली आहे आणि आपल्याला ओटावा विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. पहिली एक-दोन वर्षे मोटार न घेता तिथल्या लाइट रेल्वेवर भागेल का, घर स्थानकाजवळच घ्यावे का आणि ही ट्रेन वरचेवर बंद पडते हे खरे का, असे आपण विचारले आहे. मी मूळची नाशिकरोडची. ओटावात आले तेव्हापासून माझी कामावरची ये-जा सार्वजनिक वाहतुकीनेच होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपल्या विद्यापीठाच्या प्रवासाला ही ट्रेन उत्तम आहे. कनाटाला मात्र ती जातच नाही. तिथे बसच आहे. घराबद्दल माझे स्पष्ट मत असे की ट्रेन किती जवळ आहे हे पाहण्याआधी ट्रेन बंद पडली तर त्या घरातून बाहेर कसे पडता येईल, हे पाहावे. असे का, ते पुढे सांगते.

मुख्य मार्ग म्हणजे लाइन १. ती १४ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाली. पश्चिमेला टनीज पाश्चर ते पूर्वेला ब्लेअर असे १२.५ किलोमीटर अंतर आणि १३ स्थानके. लायन, पार्लमेंट आणि रिडो ही शहराच्या मध्यभागातील तीन स्थानके भुयारात आहेत. हा मार्ग कुठेही रस्त्याच्या पातळीवर रस्ता ओलांडत नाही, त्यामुळे आपल्या द्वारका चौकात जसा सगळ्यांचाच खोळंबा होतो तसा वाहतुकीचा खोळंबा या ट्रेनच्या वाट्याला येत नाही. टनीज पाश्चरहून विद्यापीठाचे स्थानक साधारण पंधरा मिनिटांच्या आत येते आणि स्थानक विद्यापीठाला लागूनच आहे. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना शुल्कातच यू-पास नावाचा प्रवासाचा पास मिळतो, तेव्हा आपल्याला वेगळे तिकीट काढावे लागणार नाही. गर्दीच्या वेळी ट्रेन काही मिनिटांच्या अंतराने येते. दुपारी मात्र २०२४ मध्ये हे अंतर दहा मिनिटांवर नेले गेले आणि ते प्रवाशांना आवडले नाही. सुरळीत चालणाऱ्या दिवशी या ट्रेनबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे काही नसते, हे मी मनापासून सांगते.

अडचण उरलेल्या दिवसांची आहे आणि तिचे मूळ ट्रेनपेक्षा बसच्या रचनेत आहे. २०१९ पूर्वी उपनगरांतून निघालेल्या बसगाड्या केवळ बससाठी बांधलेल्या स्वतंत्र रस्त्याने थेट शहराच्या मध्यभागापर्यंत जात. ट्रेन आल्यावर त्या टनीज पाश्चर, हर्डमन आणि ब्लेअर या स्थानकांवरच थांबू लागल्या आणि सगळ्यांनी तिथे उतरून ट्रेन धरायची, अशी व्यवस्था झाली. पूर्वी एखादी बस बिघडली तर चाळीस-पन्नास माणसांना उशीर होत असे. आता मधल्या एका स्थानकात ट्रेन थांबली की पूर्व-पश्चिम सगळे शहर थांबते. सुरुवातीचे तीन आठवडे जुन्या बसही समांतर चालू होत्या. ६ ऑक्टोबर २०१९ पासून त्या काढून घेतल्या आणि त्याच आठवड्यात दरवाजांच्या बिघाडाने लोकांचे हाल झाले. बंद होत असलेले दार कुणी हाताने अडवले की यंत्रणा तो बिघाड समजे, ट्रेन जागेवर उभी राही आणि मागच्या सगळ्या ट्रेन तिच्या पाठीमागे खोळंबत. दारांचा हा दोष पुढे बराचसा दूर झाला, पण प्रवाशांचा विश्वास पहिल्याच महिन्यात उडाला.

त्यानंतर जे घडले ते जास्त गंभीर होते. ८ ऑगस्ट २०२१ रोजी टनीज पाश्चरजवळ एक रिकामी ट्रेन रुळांवरून घसरली. आसाच्या बेअरिंगने दगा दिला होता. दीड महिन्याने, १९ सप्टेंबरला, ट्रेम्ब्ले स्थानकाजवळ प्रवासी असलेली ट्रेन घसरली आणि घसरलेल्या अवस्थेतच रस्त्यावरचा पूल ओलांडून पुढे गेली. देखभालीच्या वेळी बोल्ट पुरेसे आवळले गेले नव्हते. कुणालाही इजा झाली नाही, पण लाइन ५४ दिवस बंद राहिली. पुढे जुलै २०२३ मध्ये बेअरिंगच्याच कारणाने ती जवळजवळ चार आठवडे बंद होती.

हे सगळे केवळ दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. ऑन्टारिओ प्रांताने न्यायमूर्ती विल्यम हॉरिगन यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी नेमली. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी तिचा अहवाल आला आणि त्यात १०३ शिफारशी आहेत. त्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रवाशांसाठी खुली करण्यापूर्वी बारा दिवसांची चाचणी होती आणि त्यात ठरलेल्या सेवेपैकी सरासरी ९८ टक्के सेवा प्रत्यक्ष चालावी असा निकष होता. चाचणीत ट्रेन कमी पडू लागल्यावर बारापैकी नऊ दिवस ९६ टक्के, असा आधीचा सौम्य निकष मध्येच परत आणला गेला आणि निवडून आलेल्या नगरसेवकांना हे वेळेवर सांगितले गेले नाही. घाई करून अपुऱ्या तयारीची व्यवस्था लोकांच्या हाती दिली गेली, असा या सगळ्याचा अर्थ होतो. ज्या शहरात असा अहवाल जाहीर होतो आणि कुणालाही वाचता येतो, त्या शहराबद्दल माझा आदर वाढला, हेही इथे नोंदवते; पण सकाळी आठ वाजता फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा उपयोग नसतो.

हिवाळ्याबद्दल आपण वेगळे विचारले आहे. उणे वीस तापमान आणि भुरभुरीत बर्फ यांची ट्रेनला आता बऱ्यापैकी सवय झाली आहे. पहिल्या हिवाळ्यात रूळ बदलणारे पॉइंट गोठत, ट्रेनच्या टपावर मीठ-चिखल साचून विजेच्या ठिणग्या उडत आणि चालू स्थितीतील ट्रेनची संख्या रोज कमी होत असे. तो प्रकार पुढे आटोक्यात आला. खरा शत्रू म्हणजे गोठणारा पाऊस. तो पाण्यासारखा पडतो आणि टेकेल तिथे काच होतो. जानेवारी २०२३ मध्ये ओव्हरहेड तारांवर असा थर बसला, ट्रेन दोन स्थानकांच्या मध्येच अडकल्या आणि सेवा पूर्ववत व्हायला काही दिवस गेले. हवामान खात्याने गोठणाऱ्या पावसाचा इशारा दिला की त्या दिवशी घरून काम करता येईल का, हे यजमानांनी आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवावे.

ट्रेन बंद पडते तेव्हा आर१ नावाची पर्यायी बस सुरू होते. तिचे थांबे लाल रंगातील आर१ फलकांनी दाखवलेले असतात आणि ते स्थानकाच्या दारातच असतील असे नाही. कुठे रस्त्याच्या पलीकडे असतात, कुठे कोपऱ्याच्या पुढे. हर्डमनला नदीकडून येणाऱ्या वाऱ्यात शेदोनशे माणसे रांगेत उभी असतात, पहिली बस भरलेली येते, दुसरीत दाराशी उभे राहण्यापुरती जागा मिळते, आणि कुणी कुणावर ओरडत नाही, सगळे मुकाट्याने पुढे सरकतात. विद्यापीठ आणि आपले घर यांच्या जवळचे आर१चे थांबे पहिल्याच आठवड्यात, ऊन असताना, पायी जाऊन पाहून ठेवा.

दक्षिणेकडची लाइन २ हे निराळे प्रकरण आहे. ती डिझेलवर चालते, मे २०२० मध्ये विस्तारासाठी बंद झाली आणि ६ जानेवारी २०२५ रोजी पुन्हा सुरू झाली. तिचा बराचसा भाग एकेरी मार्गाचा असल्यामुळे समोरच्या ट्रेनसाठी क्रॉसिंगला थांबावे लागते, आणि एकीला उशीर झाला की दुसरीलाही होतो. आपल्या दोघांच्याही रोजच्या वाटेवर ती नाही, म्हणून तिच्याजवळचे घर स्वस्त दिसले तरी मोह टाळावा.

आता घराविषयी. लाइन १ पूर्वेला ट्रिमपर्यंत आणि पश्चिमेला मूडी व अल्गॉनक्विनपर्यंत वाढवण्याचे काम हाती घेतले गेले, परंतु मूळच्या मुदती उलटून गेल्या. ‘लवकरच ट्रेनपासून पाच मिनिटांवर’ अशी जाहिरात असलेल्या घराचे भाडे आजच्या बसकडे पाहून ठरवा. नाशिककरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आपल्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली, रबरी चाकांच्या त्या गाड्यांची चित्रे आपण सगळ्यांनी पाहिली, आणि गंगापूर रोडचा माणूस नाशिकरोडला आजही सिटीलिंकच्या बसने किंवा स्वतःच्या दुचाकीने येतो.

आपल्यासाठी मी टनीज पाश्चर, हिंटनबर्ग आणि वेस्टबोरो हा पट्टा सुचवेन. इथून यजमानांना कनाटाकडे जाणारी बस मिळते आणि ती गर्दीच्या उलट दिशेने जात असल्यामुळे बसायला जागाही मिळते. आपल्याला ट्रेन जवळ पडते आणि ती थांबली तर वेलिंग्टन किंवा स्कॉट रस्त्यावरून शहराकडे जाणाऱ्या बसचा आधार राहतो. भाडे कनाटापेक्षा जास्त वाटेल, पण मोटारीचा विमा, पार्किंग आणि हिवाळी टायर यांचा खर्च वाचतो, हे हिशेबात धरा. कनाटात राहिलात तर यजमानांचे सुखाचे होईल, मात्र आपल्याला रोज आधी बस आणि मग ट्रेन असे दोन टप्पे करावे लागतील, आणि बस उशिरा आली की पुढचे सगळे वेळापत्रक कोलमडते. २७ एप्रिल २०२५ पासून शहराने बसमार्गांची पूर्ण फेररचना केली आहे, त्यामुळे जुन्या ओळखीच्यांनी सांगितलेले बस क्रमांक गृहीत धरू नका. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला रोज ये-जा करणारी नाशिकची माणसे जसा अर्धा तास हाताशी ठेवून घरून निघतात, तशी परीक्षेच्या आणि मुलाखतीच्या दिवशी इथेही सवय ठेवावी.

करार एक वर्षाचाच करा; एक हिवाळा काढल्यावर कोणता भाग सोयीचा, हे आपले आपल्यालाच कळेल. विमानतळावरून लाइन ४ साउथ कीजपर्यंत येते, तिथे लाइन २ आणि पुढे बेव्ह्यूला लाइन १ बदलावी लागते, त्यामुळे मोठ्या बॅगा घेऊन उतराल त्या दिवशी सरळ टॅक्सी करा. दोन-तीन घरांचे पत्ते हाती आले की कळवा. कोणत्या थांब्यावर निवारा आहे आणि कुठे बर्फ वेळेवर उपसले जाते, हे मी प्रत्यक्ष जाऊन पाहून सांगेन.