वडील दारूडे होते आणि माझ्या जीन रिपोर्टमध्ये डोपामिन रिसेप्टरचा, म्हणजे मेंदूतलं डोपामिन हे रसायन पकडणाऱ्या प्रथिनाच्या जीनचा, 'ए-वन' प्रकार आलाय. मलाही व्यसन लागेल का?

रिपोर्ट रद्दीत घाला. चिडून लिहितोय, कारण याच ए-वनने माझी तीन वर्षं खाल्ली.

आमचं घर लालबागचं, बाबा कापड गिरणीत, साचेखात्यात. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, त्यांची गिरणी परत उघडलीच नाही, आणि बाबा गुत्त्यावर बसायला लागले. ते गेले तेव्हा दहाव्याला मोठे काका सगळ्यांसमोर म्हणाले, "त्याच्या रक्तातच होतं. पोरावर लक्ष ठेवा." काका म्हणजे बाबांचेच सख्खे भाऊ. गळ्यात माळ, पोस्टात नोकरी, एक तारखेला पगार. यांचं रक्त वेगळं कुठून आलं, हे तेव्हा कुणाला सुचलं नाही.

२००१ला एमएस्सीला असताना एका रात्री स्वतःचंच रक्त काढून पीसीआर लावला, म्हणजे डीएनएच्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढल्या. टॅक-वन हे डीएनए कापणारं एन्झाइम ए-टू या दुसऱ्या प्रकाराचा ३१० बेसचा (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर) तुकडा १८० आणि १३० असा कापतं, ए-वन अख्खाच राहतो. यूव्हीखाली एकच नारिंगी पट्टा, ३१०ला. एन्झाइम मेलं असेल म्हणून नवीन ट्यूब काढून पुन्हा लावलं. तेच. म्हणजे माझ्या दोन्ही प्रती ए-वनच, एक बाबांकडून, एक आईकडून. आई तर चहासुद्धा अर्धा कप पिते! पण डोक्यात काकाच बसलेले. आईने आणलेली दोन स्थळं मी मोडली.

२००४ला कळलं की हा बदल डीआरडी२ या रिसेप्टरच्या जीनमध्ये नाहीच. तो सुमारे १०,००० बेस पुढे, शेजारच्या एएनकेके१ जीनमध्ये बसलाय. आणि १९९०च्या ज्या पेपरामुळे 'दारूचा जीन' गाजला, त्यात मेंदू होते ७०, त्यातले निम्मे दारूड्यांचे. एवढ्यावर लोक आजही रिपोर्ट विकतात. ए-वन आपल्याकडे गल्लोगल्ली सापडेल.

आता हेही सांगायला हवं, की जुळ्यांच्या अभ्यासांत व्यसनाचा साधारण निम्मा धोका आनुवंशिकच निघतो. पण तो कितीतरी जीन्समध्ये विखुरलेला आहे, आणि त्यातला सगळ्यात पक्का पुरावा दारू पचवणाऱ्या एडीएच१बी एन्झाइमच्या जीनचा आहे, डोपामिन रिसेप्टरचा नाही. वडील प्यायचे ना? मग जपूनच राहा, त्याला रिपोर्ट लागत नाही.

गेल्या गणपतीत काकांना म्हटलं, द्या दोन थेंब, तुमचाही ए-वन बघू. त्यांनी हात मागे घेतला आणि आरतीचं तबक उचललं.