झुलू राजा सेत्शवायो याचा गादीसाठीचा मुख्य प्रतिस्पर्धी कोण होता?

सेत्शवायोचा मुख्य प्रतिस्पर्धी त्याचा सावत्र भाऊ म्बुयाझी हा होता आणि २ डिसेंबर १८५६ रोजी दक्षिण आफ्रिकेतील तुगेला नदीजवळ न्दोन्दाकुसुका येथील लढाईत तो मारला गेला. वडील म्पांडे यांचा कल म्बुयाझीकडे होता. मात्र वारस ठरवण्याचे त्यांनी लांबवल्यामुळे सेत्शवायोचा उसुथू आणि म्बुयाझीचा इझिगकोझा असे दोन गट समोरासमोर उभे राहिले. तथापि न्दोन्दाकुसुकाच्या विजयाने सेत्शवायो लगेच राजा झाला नाही, प्रत्यक्ष सत्ता बरीचशी त्याच्या हाती आली, तरी १८७२ मध्ये निधन होईपर्यंत राजेपद म्पांडे यांच्याकडेच राहिले.