एमएक्सएफ फाइली एडिटिंगला घेण्याआधी एमपी४ करून घ्याव्यात का?

तुम्ही लिहिलं आहे की कॅमेऱ्याच्या कार्डातल्या एमएक्सएफ फाइली ओढून प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या, तर काही क्लिपना आवाजच नाही, लांब मुलाखत तुकड्यांत आली आणि टाइमलाइन अडखळते. म्हणून सगळंच एमपी४ करायचा विचार आहे.

कृपया करू नका. तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन बहुधा कॉपी आणि इम्पोर्ट करण्याच्या पद्धतीतून आल्या आहेत. त्या कन्व्हर्ट करून जाणार नाहीत, उलट एमपी४ मध्ये कायमच्या गोठतील.

एमएक्सएफ हे चित्र-आवाज एकत्र ठेवणारं नुसतं खोकं आहे. आतलं चित्र कोणत्या कोडेकने (दाबून साठवायच्या पद्धतीने) लिहिलंय ते वेगळं: ५० एमबीपीएसचा (सेकंदाला ५० मेगाबिट) एमपेग-२ असू शकतो, एव्हीसी-इंट्रा असू शकतो, एक्सएव्हीसी असू शकतो. मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर आधी उतरवून घ्या आणि एका फाइलचं कोडेक, बिट डेप्थ (रंगछटांची बारकाई, ८ की १० बिट), फ्रेम रेट, स्कॅन टाइप (प्रोग्रेसिव्ह की इंटरलेस्ड) आणि ऑडिओ ट्रॅकची संख्या कागदावर टिपा. पुढचे सगळे निर्णय त्या कागदावरूनच घ्यायचे आहेत.

आता आवाज. पॅनासोनिकच्या पी२ कार्डात 'कंटेंट्स' नावाचा फोल्डर असतो. त्यात चित्र 'व्हिडिओ' फोल्डरमध्ये, आवाज 'ऑडिओ' फोल्डरमध्ये (प्रत्येक चॅनलची वेगळी एमएक्सएफ) आणि या सगळ्यांना जोडणारी एक्सएमएल (नोंदींची फाइल) 'क्लिप' फोल्डरमध्ये असते. फक्त व्हिडिओ फोल्डरमधल्या फाइली उचलल्या तर त्या मुक्याच येणार. त्यांच्यात आवाज मुळात नव्हताच. सोनीच्या जुन्या एक्सडीकॅम ईएक्सचा 'बीपीएव्ही', नंतरच्या एक्सएव्हीसी कॅमेऱ्यांचा 'एक्सडीरूट' आणि कॅननच्या एक्सएफचा 'कंटेंट्स' या सगळ्यांची मांडणी वेगळी असली तरी नियम एकच: सर्वांत वरच्या फोल्डरसकट कार्ड जसंच्या तसं कॉपी करायचं. आतल्या एकाही फाइलचं नाव बदलायचं नाही. नाव द्यायचंच असेल तर बाहेर वेगळा फोल्डर करून त्याला द्या, 'कॅम-ए_कार्ड-०१' असं काहीतरी.

तुकड्यांचं कारणही तिथेच आहे. अनेक कार्डांवर असणाऱ्या फॅट३२ फाइल सिस्टिममध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा लांब शॉट अनेक फाइलींत लिहितो आणि कोणता तुकडा कुणाच्या मागे हे मेटाडेटात (फाइलींविषयीच्या नोंदींत) नोंदवतो. प्रीमिअरमध्ये 'इम्पोर्ट'ऐवजी मीडिया ब्राउझर उघडा आणि त्यातून कार्डाच्या फोल्डरकडे जा. पूर्ण रचना दिसली की प्रीमिअर तुकडे जोडून एकच क्लिप दाखवतो, आवाजासकट. फायनल कटमध्ये त्याच्या इम्पोर्ट खिडकीतून यायचं, आणि अ‍ॅपलचं मोफत 'प्रो व्हिडिओ फॉरमॅट्स' पॅकेज आधी टाकून ठेवायचं. अ‍ॅव्हिड या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये सोर्स ब्राउझरमधून लिंक करायचं.

कॉपी करताना चेकसम पडताळणी (प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का याची तपासणी) करणारं साधन वापरा. दाविंची रिझॉल्व्हच्या मीडिया पेजवरचं क्लोन टूल हे काम करतं. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

राहिलं अडखळणं. इथे मात्र कोडेक पाहावा लागतो. एक्सएव्हीसी-इंट्रासारख्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे प्रोसेसरवर ताण कमी, डिस्कवर जास्त. यूएचडी (४के) २५पी, म्हणजे सेकंदाला २५ पूर्ण फ्रेममध्ये, एक्सएव्हीसी-इंट्रा साधारण २५० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३१ एमबी. चार कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं की १२५ एमबी, आणि साध्या फिरत्या हार्ड डिस्कचा दम तिथेच संपतो. अशा वेळी एसएसडी घ्या, कन्व्हर्ट करून काही हाती लागणार नाही. लाँग-जीओपी (फ्रेमचा गट एकत्र दाबणाऱ्या) एच.२६४ किंवा एचईव्हीसीमध्ये एक फ्रेम दाखवायला शेजारच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. तिथे प्रोसेसर दमतो, आणि प्रॉक्सीचा (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रतीचा) खरा उपयोग तिथे आहे: १९२० × १०८०, अ‍ॅपलचा प्रोरेस प्रॉक्सी कोडेक, २५पी ला तासाला सुमारे १७ जीबी. प्रॉक्सीचे ऑडिओ चॅनल मूळ क्लिपइतकेच ठेवा, नाहीतर प्रीमिअर ती जोडायला नकार देतो.

सॉफ्टवेअर फाइल उघडतच नसेल तर आधी नुसतं खोकं बदलून पाहा. एफएफएमपेग या मोफत कमांड-लाइन साधनात व्हिडिओ-ऑडिओ दोन्हींसाठी 'कॉपी' सांगून एमओव्ही (दुसरं खोकं) बनवा. दर्जा तसूभरही कमी होत नाही आणि वेळ फाइल कॉपी करण्याइतकाच लागतो. एक गोष्ट इथे फार जणांना नडते: काही सांगितलं नाही तर एफएफएमपेग एकच ऑडिओ स्ट्रीम उचलतं. एमएक्सएफमध्ये बहुधा चार किंवा आठ मोनो ट्रॅक असतात, त्यामुळे लेपल माइक (कॉलरला लावलेला) राहून जातो आणि फक्त कॅमेऱ्याचा माइक येतो. 'मॅप' पर्याय देऊन सगळे ऑडिओ स्ट्रीम स्पष्ट मागा.

यानेही भागलं नाही तरच ट्रान्सकोड करा (म्हणजे दुसऱ्या कोडेकमध्ये नव्याने लिहा), आणि तेही प्रोरेस ४२२ किंवा अ‍ॅव्हिडच्या डीएनएक्सएचआर कोडेकमध्ये. डीएनएक्सएचआर एचक्यू ८ बिटचं आहे. १० बिट किंवा लॉगमध्ये (नंतर रंग बसवण्यासाठी फिकट ठेवलेलं चित्र) शूट केलं असेल तर एचक्यूएक्स निवडा, नाहीतर ग्रेडिंगला (रंग बसवताना) आकाशात पट्टे उमटतील. ८ बिट ४:२:० (रंगाची माहिती कमी ठेवणाऱ्या) एमपी४ मध्ये नेमकं हेच नुकसान होतं, शिवाय लाँग-जीओपीचं ओझं पुन्हा मानेवर येतं. ५०आय फुटेज (एका फ्रेमचे दोन अर्धे, म्हणजे फील्ड, आलटून पालटून दाखवणारं) असेल तर इंटरलेस्डच ठेवा आणि फील्ड ऑर्डर (कोणता अर्धा आधी) तपासा. ती उलटली की हलणाऱ्या वस्तू मागेपुढे थरथरतात. फ्रेम रेट बदलू नका. जागेचा हिशेब आधी करा: यूएचडी २५पी ला प्रोरेस ४२२ तासाला सुमारे २२० जीबी घेतो, प्रोरेस ४२२ एचक्यू ३३० जीबी.

बरेच कॅमेरे कार्ड फॉरमॅट केलं की नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, म्हणून ट्रान्सकोड केलेल्या फाइलींच्या नावापुढे कार्डाचं नाव जोडा. नाहीतर 'सी०००१' नावाच्या तीन फाइली होतात आणि रीलिंक करताना (टाइमलाइनला पुन्हा फाइली जोडताना) चुकीचा शॉट येऊन बसतो. शेवटी प्रत्येक कार्डातली सर्वांत लांब क्लिप मूळ फाइलशेजारी लावून कालावधी, टाइमकोड आणि शेवटच्या दहा सेकंदांतला ओठ-आवाजाचा मेळ तपासा.