चार वर्षांच्या मुलीला घेऊन घरच्या घरी ईस्टरचे खेळ, हातकाम आणि खाऊ काय करता येईल?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी कॉन्व्हेंटच्या नर्सरीत जाते, वर्गात ईस्टरची अंडी आणि ससे रंगवून आली आणि आता घरीपण तेच करायचं म्हणून मागे लागली आहे. तुम्ही ख्रिस्ती नाही, सासूबाईंना स्वयंपाकघरात अंडं चालत नाही, आणि ऑनलाइन मिळणारा प्लास्टिकच्या अंड्यांचा संच मागवावा का, असं विचारलंय. मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात शिशुवर्गाला शिकवते. आमचं घर कॅथलिक, घरात कोंकणी आणि बाहेर दिवसभर मराठी. त्यामुळं या विषयावर मला बरंच सांगायचं आहे.

तो संच मागवू नका. अंडं उघडलं, आतलं चॉकलेट खाल्लं की खेळ संपतो. या वयाच्या पोरांचे हात बरबटायला हवेत, आणि थोडी वाटही बघायला लागायला हवी. ईस्टर हा तर वाट बघण्याचाच सण आहे. आधी चाळीस दिवसांचा उपासकाळ, त्याच्या शेवटी झावळ्यांचा रविवार (पाम संडे), मग गुड फ्रायडे, आणि तिसऱ्या दिवशी ईस्टर. म्हणून सुरुवात अशा कामानं करा जे एका दुपारीत उरकत नाही.

पेरणी करा. आठ-दहा दिवस आधी एका पसरट परातीत किंवा जुन्या ताटात दोन बोटं माती घाला. गहू रात्रभर भिजवून, निथळून मुलीच्या हातानं पसरवा आणि वरून मातीचा पातळ थर द्या. नवरात्रात घट बसवताना तुम्ही करताच की, तेच काम. कडेनं मोहरी आणि मेथी टाका, ती दोन-तीन दिवसांत डोकं वर काढतात आणि पोरांचा धीर सुटत नाही. पाणी मात्र तांब्यानं घालू देऊ नका, सगळं वाहून जातं. हात पाण्यात बुडवून शिंपडायला शिकवा. रोज सकाळी काडेपेटीची काडी शेजारी उभी धरायची आणि कोंब काडीच्या कुठवर आला ते बघायचं. मोजमाप इथूनच सुरू होतं, पट्टी नंतर येते.

ईस्टरच्या आदल्या दिवशी त्या हिरव्या गवतात एक छोटं मडकं किंवा फुटलेल्या कुंडीचा तुकडा आडवा ठेवा, त्याच्या तोंडाशी एक गोल दगड. ही ईस्टरची बाग. रविवारी सकाळी मुलीनं स्वतः दगड बाजूला सारायचा. गोष्ट सांगताना एवढंच सांगा: येशू सगळ्यांवर माया करायचे, पण काही लोकांनी त्यांना मारलं, त्यांच्या माणसांना फार वाईट वाटलं, तिसऱ्या दिवशी पहाटे काही बायका त्यांच्या कबरीपाशी गेल्या तर दगड सरकलेला होता आणि आत कुणी नव्हतं, येशू परत जिवंत झाले असं ख्रिस्ती लोक मानतात. खिळे आणि रक्त या वयात नको. मुलगी 'मेलं म्हणजे काय?' असं विचारेल. तेव्हा विषय बदलू नका, तुमच्या घरात जसं सांगता तसं सांगा.

तारीख दरवर्षी बदलते आणि त्यातही एक छान खेळ आहे. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळं तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही पडतो. २०२६ मध्ये ५ एप्रिलला, हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी. २०२७ मध्ये २८ मार्चला, म्हणजे होळीच्या पौर्णिमेनंतर. आधीची अमावस्या झाली की रोज संध्याकाळी मुलीला गच्चीवर न्या आणि जेवताना भाकरीचा तुकडा चंद्राच्या आकाराचा तोडायला सांगा. पहिल्या दिवशी नखाएवढी कोर, आणि पौर्णिमेला अख्खी भाकरी.

आता अंड्याशिवाय अंडी कशी करायची ते सांगते. लांबट बटाटा उभा चिरा, कापलेली बाजू अंडाकृतीच असते. फडक्यानं नीट टिपून घ्या, ओला राहिला तर रंग पसरतो. मैद्याची पातळ खळ शिजवून ती वाट्यांत घाला. एकीत बिटाचा रस, एकीत हळद, एकीत वाटलेल्या कोथिंबिरीचं पाणी. मुलीनं बटाटा बुडवून कागदावर ठसे मारायचे. लाल, पिवळा, लाल, पिवळा असे चार ठसे झाले की थांबा आणि विचारा, 'आता कुठला?' ती बरोबर उचलते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडं बघा. गणिताची तयारी म्हणतात ती हीच, वही भरून काढलेल्या अंकांपेक्षा मला ही कितीतरी मोलाची वाटते. मग हळदीच्या वाटीत चिमूटभर खायचा सोडा टाकायला द्या. पिवळा रंग तिच्या डोळ्यांदेखत तांबडा होतो, आणि सासूबाई आपणहून हळदीचं कुंकू कसं करायचे ते सांगायला पुढं येतील. हे सगळं अंगणात, जुन्या फ्रॉकवर.

उरलेला छोटा बटाटा पाण्याच्या पेल्यात सोडा, तो तळाला जाईल. मग चमच्याचमच्यानं मीठ विरघळवत जा. दोन-तीन मोठे चमचे पडले की तो हळूहळू वर येतो. अंड्यानंही हेच होतं, आणि बटाट्याला तर आपल्याकडं तोटा नाही.

शोधायच्या खेळासाठी नदीतले गुळगुळीत गोटे घ्या. आम्ही मलप्रभेच्या काठचे आणतो. तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे निवडा. रंगीत खडू पाण्यात बुडवून गोट्यावर ओढला की रंग ठसठशीत उमटतो, ब्रश लागत नाही. नऊच्या आत किंवा पाचनंतर खेळा, एप्रिलच्या उन्हात दुपारी नको. चॉकलेट तर बाहेर लपवूच नका, वितळतं आणि लाल मुंग्या तुमच्या आधी शोधतात. गोटे मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि खुणा बोलून द्या: तुळशीच्या मागं, पायरीच्या खाली, बादलीच्या आत. सापडलेले मोजताना एकदा एक, दोन, तीन आणि एकदा ओंदु, एरडु, मूरु. पुढं शाळेत कन्नड येणारच आहे, खेळात आलं तर ओझं होत नाही. टोपली म्हणून नारळाच्या झावळीची चटईसारखी वीण घालून दिली तर उत्तम. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून मिळालेल्या पानांचे आम्ही क्रूस वळतो, ते वर्षभर देवघरात असतात.

हातकामासाठी विकत काही आणू नका. लग्नसराई आहे, घरात पत्रिकांचा गठ्ठा असेलच. तो जाड पिवळा कागद कोंबडीचं पिल्लू करायला झक्कास. पंजा ठेवून बाह्यरेषा काढा, बोटं म्हणजे शेपटी, अंगठा म्हणजे मान. कात्री बोथट टोकाची द्या आणि कापू द्या, वाकडं झालं तर झालं. सशाबद्दल विचारलंत, तो जर्मनीकडून आलेला आहे, चर्चच्या विधीत त्याचं काही काम नाही. पोरांना आवडतो, दोन लांब कान चिकटवले की झाला.

ज्यांच्या घरी अंडं चालतं त्यांच्यासाठीही लिहिते, कारण हे मला फार आवडतं. आठ-दहा कांद्यांची सुकी सालं पाण्यात टाका, एक चमचा व्हिनेगर, आणि वीस-पंचवीस मिनिटं उकळून रंग उतरू द्या. पाणी गार करून घ्या. अंड्यावर कोथिंबिरीचं पान ओलं करून चिकटवा, वर मलमलचा तुकडा घट्ट गुंडाळून दोऱ्यानं बांधा, आणि त्या पाण्यात ठेवून उकळी आल्यावर बारा मिनिटं शिजवा. गार झालं की मुलाला सोडू द्या. विटकरी अंडं आणि त्यावर पानाची फिकट नक्षी, अगदी शिरांसकट. पूर्व युरोपात कांद्याच्या सालींनी अंडी लाल करायची जुनी रीत आहे. आणि अंडंच का? उपासकाळात पूर्वी अंडी वर्ज्य होती, कोंबड्या मात्र घालतच राहायच्या, सणापर्यंत ढीग साठायचा. शिवाय बाहेरून दगडासारखं दिसणाऱ्यातून जिवंत पिल्लू निघतं, हे लहान मुलालाही कळतं. उकडलेली अंडी उन्हाळ्यात दोन तासांहून जास्त बाहेर ठेवून खायला देऊ नका.

खाऊत आमच्या घरातला मान मार्झिपॅनचा, म्हणजे बदाम आणि साखरेच्या मऊ गोळ्याच्या मिठाईचा. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ साली वेगळा झाला, त्याआधी इथला बराच भाग गोव्याच्या धर्मप्रांतात होता, त्यामुळं आमची बरीच पक्वान्नं गोव्याचीच. तिकडं बदामाऐवजी काजू वापरतात, आणि काजू तर खानापूर-चंदगडकडचा आपलाच. जुन्या पद्धतीत अंड्याचा पांढरा बलक पडतो, पण त्याच्याशिवायही छान होतं. एक वाटी काजू थांबत थांबत वाटा, सलग फिरवलं तर तेल सुटतं. पूड चाळून घ्या. अर्धी वाटी साखर, पाव वाटी पाणी, एकतारी पाक. त्यात पूड घालून मंद आचेवर गोळा कढई सोडेपर्यंत हलवा. इथवर तुमचं काम, पाकाजवळ मूल नको. गोळा कोमट झाला की तूप लावून मळा, तीन भाग करा, एकात बिटाचा रस थेंबभर, एकात केशर, एक पांढराच. मग मुलीच्या तळव्यांना तुपाचं बोट लावा आणि लिंबाएवढा गोळा द्या. ती आधी गोल वळेल, पेढ्यासारखा चपटा करेल. तिच्या हातावर हात ठेवून दाखवा की एका बाजूला करंगळीकडं जरा दाब दिला की गोळ्याला टोक येतं आणि अंडं होतं. एकदा हाताला ते कळलं की थांबत नाही. काजू पहिल्यांदाच देत असाल तर आदल्या दिवशी चिमूटभर देऊन बघा, काही मुलांना सोसत नाही.

घरटं हवं असेल तर बारीक शेवया तुपात खमंग भाजा, त्यात पाव किलो कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) कुस्करा आणि तूप लावलेल्या वाटीत दाबून मध्ये खळगा करा. अंडी त्यात बसतात. गोड जास्त होतं म्हणून बरोबर अथणीकडची द्राक्षं ठेवा, पण चार वर्षांच्या मुलीला अख्खं द्राक्ष देऊ नका, उभं चिरून चार फोडी करा. अख्खे शेंगदाणे आणि गोल गोळ्याही नकोत, घशात अडकतात.

हे सगळं एका दिवसात करू नका. एका दिवशी एक काम, तेही मुलगी उठून जाईपर्यंतच.

शेजारी किंवा ओळखीत ख्रिस्ती घर असेल तर मुलीनं वळलेली अंडी डबीत घालून रविवारी घेऊन जा. सकाळी सगळे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला गेलेले असतात आणि आदल्या रात्रीच्या उपासनेमुळं जागरणही झालेलं असतं, म्हणून अकरानंतर गेलेलं बरं. डबी आदल्या दिवशी भरलेली चालते, मार्झिपॅन दोन दिवस बाहेर आणि आठवडाभर फ्रिजमध्ये टिकतं.