ब्रॉडबँड मोडेमच्या चिपचं डिझाइन लायसन्सवर देणाऱ्या कंपनीत पैसे गुंतवावेत का?

तुमच्या या प्रश्नामागचा मुद्दा असा दिसतो: ही कंपनी कारखाना चालवत नाही, तिला मालाचा साठा ठेवावा लागत नाही, एकदा केलेलं डिझाइन ती दहा उत्पादकांना देते आणि पुढे प्रत्येक चिपमागे रॉयल्टी घेते. मग ही दुसरी आर्म (प्रोसेसरची डिझाइन लायसन्सवर देणारी प्रसिद्ध कंपनी) का होऊ नये? मी काही वर्षं डीएसएल (टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं ब्रॉडबँड) मोडेमच्या फर्मवेअरवर, म्हणजे मोडेमच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम केलंय आणि अशाच एका कंपनीच्या शेअरमध्ये हातही पोळून घेतलेत. माझं मत: दीर्घ मुदतीसाठी बहुतेक वेळा नको.

आर्मची तुलना इथे लागू पडत नाही. आर्मचा इन्स्ट्रक्शन सेट, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचा संच, तिच्या स्वतःच्या मालकीचा आहे आणि त्यावर चालणारं अफाट सॉफ्टवेअर जगभर लिहिलं गेलंय. ग्राहकाला तिला सोडायचं तर हे सगळं नव्याने जुळवावं लागतं. मोडेमचं तसं नाही. त्याला टेलिफोन एक्स्चेंजमधल्या दुसऱ्याच कंपनीच्या यंत्राशी बोलायचं असतं, म्हणून त्याची भाषा आयटीयूसारखी (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) संस्था ठरवते आणि जाहीर करते. एडीएसएल या डीएसएलच्या प्रकाराचं जी.992.1 हे मानक 1999 साली आलं. ते पाळणारं कोणाचंही डिझाइन चालतं. बाजार मोठा झाला तो मानकामुळे, आणि तुमच्या कंपनीच्या जागी दुसरी आणून बसवणं सोपं झालं तेही त्याच मानकामुळे.

मग लायसन्स घेतं कोण? ज्याला घाई आहे तो. मानक वाचून प्रयोगशाळेत मोडेम चालवणं फार अवघड नाही. खरा घाम निघतो जुन्या, गोंगाटाच्या, मध्येच फाटे फुटलेल्या तांब्याच्या तारांवर. आमच्या टीमचा निम्म्याहून जास्त वेळ अमुक कंपनीच्या यंत्राशी आमचा मोडेम सिंक का होत नाही (जोडणी का जुळत नाही), किंवा झाला तरी रात्री लाइन का पडते, हे शोधण्यात जायचा. लायसन्स घेणारा उत्पादक ही दोन-तीन वर्षांची मेहनत विकत घेतो. पण तोवर त्याचे इंजिनिअरही शिकतात. पुढच्या पिढीची चिप तो घरच्या घरी करतो आणि रॉयल्टी आटते.

अवेअर ही अमेरिकी कंपनी याचं नमुनेदार उदाहरण. एडीएसएलचं डिझाइन तिने अ‍ॅनालॉग डिव्हायसेस, इन्फिनिऑन अशा चिप कंपन्यांना लायसन्सवर दिलं. इंटरनेटच्या तेजीत शेअर आकाशाला भिडला होता. 2009 मध्ये तिने हा डीएसएलचा धंदा लँटिक या चिप कंपनीला विकला आणि स्वतः बायोमेट्रिक्सकडे वळली. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या विराटा कंपनीनेही आधी डिझाइन आणि सॉफ्टवेअर लायसन्सवर दिलं, मग स्वतःच्या चिप विकायला घेतल्या आणि 2001 मध्ये ग्लोबस्पॅन या चिप कंपनीत विलीन झाली. याउलट डीएमटी या एडीएसएलच्या सिग्नल पाठवण्याच्या तंत्रावर उभ्या राहिलेल्या अमाटी कंपनीला 1997 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने सुमारे 39.5 कोटी डॉलर देऊ केले. तिथे भागधारकांचं भलं झालं, पण ते कंपनी विकली गेली म्हणून. रॉयल्टीची वाट बघत बसून नव्हे.

आता माझी फजिती. मी शेअर घेतला तो एका मोठ्या लायसन्स कराराची बातमी वाचून. त्या तिमाहीत फी एकदम जमा झाली आणि नफा झळकला. पुढच्या तिमाह्या कोरड्या गेल्या. करार झाल्यावर टेपआउट (तयार डिझाइन कारखान्याकडे पाठवणं), मग चाचण्या, मग ब्रॉडबँड कंपन्यांची मंजुरी, त्यानंतर कुठे चिप लाखांनी विकली जाते आणि रॉयल्टी सुरू होते. माझ्या कंपनीच्या ग्राहकाने मध्येच प्रकल्प गुंडाळला. रॉयल्टी शून्य. शिवाय ती बहुधा चिपच्या किमतीवर टक्केवारीने मिळते, आणि मोडेम चिपची किंमत दरवर्षी घसरतच असते.

पेटंटचा धंदा मात्र यात मिसळू नका. मानक पाळायचं तर जे पेटंट टाळताच येत नाही, त्याचे पैसे डिझाइन कुणाचंही असलं तरी द्यावे लागतात. मोबाइलच्या क्षेत्रात इंटरडिजिटल अशा पेटंटवरच उभी आहे. तिथे धोका कोर्टकचेरीचा आणि पेटंटची मुदत संपण्याचा, हिशोबच वेगळा.

तुम्ही कंपनीचं नाव दिलेलं नाही. तिच्या वार्षिक अहवालात लायसन्स फी आणि रॉयल्टी वेगवेगळी दाखवली आहे का ते बघा. रॉयल्टी सलग वाढत असेल, ती तीन-चार ग्राहकांकडून येत असेल आणि त्यातल्या एकाने तरी दुसऱ्या पिढीसाठी पुन्हा लायसन्स घेतलं असेल, तर मीही थोडे शेअर घेईन. हे आकडे सापडले तर खाली लिहा, बघून सांगतो.