जननेंद्रियावरील जखमा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शिश्नावर एक न दुखणारी जखम झाली होती. केमिस्टने दिलेल्या मलमाने ती महिन्याभरात भरली. आता तपासणीची गरज आहे का? (भांडुप)

उत्तर : आहे, आणि याच आठवड्यात आहे. सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजाराची जखम बहुधा एकच, कडक कडांची आणि न दुखणारी असते. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी ती उमटते आणि काहीही न लावता तीन ते सहा आठवड्यांत भरून येते, त्यामुळे श्रेय फुकटच मलमाला मिळते. जंतू मात्र शरीरातच राहतो आणि उपचार न झाल्यास पुढे कित्येक वर्षांनीसुद्धा मेंदू, डोळे व हृदयापर्यंत पोहोचू शकतो. काउंटरवर मिळणाऱ्या अशा मलमांत अनेकदा अँटिबायोटिक, बुरशीनाशक आणि स्टिरॉइड यांची खिचडी असते. तिने जखमेचे रूप बदलते आणि मग पाहणाऱ्या डॉक्टरचीही फसगत होते. लोकलच्या डब्यात ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ अशी पत्रके चिकटवणाऱ्यांविषयी तर न बोललेलेच बरे. सिफिलिससाठी व्हीडीआरएल व टीपीएचए आणि सोबत एचआयव्ही या रक्तचाचण्या करा. अगदी सुरुवातीला व्हीडीआरएल निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून एका रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका. निदान लवकर झाले, तर सहसा बेंझाथिन पेनिसिलिनचा २४ लाख युनिटांचा एकच डोस पुरतो. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावा.

प्रश्न : सार्वजनिक शौचालयातून सिफिलिस होतो का? (कुर्ला)

उत्तर : नाही.

प्रश्न : दर दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी बारीक पाणीदार फोड येऊन जळजळते. घरचे ‘उष्णता’ म्हणतात. (दादर)

उत्तर : सब्जाचे पाणी खुशाल प्या, पण हे हर्पिस असण्याची शक्यता अधिक आहे. त्याचा विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो. असायक्लोव्हिरने त्रास आटोक्यात येतो, विषाणू जात नाही. फोड ताजे असतानाच दाखवा. एखादी ठरावीक गोळी घेतल्यावरच असे होत असेल, तर ती औषधाची अॅलर्जीही असू शकते. गोळीचे पाकीट सोबत आणा.

प्रश्न : पतीला सिफिलिस निघाला आहे. मला काहीच त्रास नाही आणि तिसरा महिना चालू आहे. (घाटकोपर)

उत्तर : स्त्रियांमध्ये जखम योनीच्या आत किंवा गर्भाशयमुखावर असली, तर ती दिसतही नाही. हा जंतू वारेतून बाळापर्यंत जातो आणि वेळेवर दिलेले पेनिसिलिन बाळालाही वाचवते. उद्याच आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा सरकारी रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या दवाखान्यात) जा, आणि पतीचे रिपोर्ट सोबत न्या.