नदीला साडी कशी नेसवतात?

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "कृष्णा नदी जर आई आहे तर तिचा वाढदिवस कधी असतो? आणि आत्या म्हणते तिला साडी नेसवतात, मग ती वाहून नाही का जात?" फेब्रुवारीच्या सुट्टीत आपण वाईला जाणारच आहोत, म्हणून सगळं नीट लिहूनच पाठवते.

साडी पाण्याला नेसवत नाहीत. वाईत कृष्णाबाई म्हणून देवीची उत्सवमूर्ती असते. उत्सवात ती पालखीतून येते, घाटावरच्या मांडवात बसते आणि साडी, दागिने, हळदीकुंकू हे सगळं तिला होतं. हा वाढदिवस नव्हे, माहेरपण म्हण. वाईत सात घाट आणि त्यांच्या सात वस्त्या आहेत: गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी. प्रत्येक वस्ती आपल्या पाळीला कृष्णाबाईला आपल्या घाटावर बसवते, तिच्यापुढे कीर्तन-भजन करते, गावाला जेवू घालते, आणि मग पुढच्या घाटाची पाळी येते. माघात सुरू झालेला उत्सव असा फाल्गुनापर्यंत चालतो.

तो कशासाठी सुरू झाला याची एक कथा वाईत सांगतात. १६५९ साली अफझलखान वाईत तळ देऊन होता. शिवाजी महाराजांवर आलेलं हे संकट टळलं तर तुझा उत्सव करू, असा नवस तिथल्या शेंडे घराण्यातल्या शास्त्रीबुवांनी कृष्णेला केला, आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं ते तुला माहीतच आहे. मला या कथेत आवडतं ते हे, की अडचणीत माणूस आईकडे जातो तसं गाव नदीकडे गेलं.

जाताना एका शब्दाने तुझा गोंधळ होईल. पुण्याहून निघालं की खंबाटकी घाट लागतो, मग सुरूर फाट्याला आपण वाईकडे वळतो. वाईच्या पुढे पाचगणीला चढतो तो पसरणी घाट. हे डोंगरातले रस्ते. नदीकाठच्या दगडी पायऱ्यांनाही घाटच म्हणतात. पायऱ्या इतक्या का, असं तू विचारशीलच. पावसाळ्यात कृष्णा कित्येक पायऱ्या चढून वर येते आणि उन्हाळ्यात पार खाली जाते. पाणी कुठेही असलं तरी कोरड्या पायरीवर बसून त्याला हात लावता यावा, यासाठी त्या आहेत.

गणपती घाटावर ढोल्या गणपती आहे. गणपतराव रास्ते यांनी हे देऊळ १७६२ साली बांधलं. सगळे पुढून दर्शन घेतात आणि निघतात, आपण मात्र देवळाच्या मागे जायचं. मागची भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती होत टोकाला आली आहे. पुराचं पाणी सपाट भिंतीवर आदळलं तर सगळा जोर तिच्यावर येतो. इथे टोकावर पाणी फाटतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. पूर मोठा असला तर पाणी गाभाऱ्यातही शिरतं, पण देऊळ अडीचशेहून अधिक वर्षं जागेवर उभं आहे. त्या टोकावर हात ठेवून बघ. नदीला अडवायचं नाही, वाट द्यायची, हे त्या गवंड्यांना पक्कं कळलं होतं.

आता तिथे काय करायचं ते. सकाळी आठच्या आत घाटावर पोचू. चपला वरच काढतात आणि काळा दगड दुपारी असा तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही. खाली उतरताना पाण्यालगतच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ असतं. ते हिरवं दिसतंच असं नाही, ओला काळा दगडही तितकाच निसरडा असतो. टाच आधी टेकली की पाय सटकतो, म्हणून पाऊल आडवं आणि सपाट टाकायचं, एक हात माझ्या हातात. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसायचं. पायऱ्या पाण्याखाली कुठे संपतात ते वरून कळत नाही, आणि रामडोह आळीच्या नावातच डोह आहे. वर धोमचं धरण आहे, तिथून पाणी सोडलं की पातळी बदलते. काठावरचं कोणी "वर या" म्हणालं तर का म्हणून विचारत बसायचं नाही.

आधी ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावायचं. पाय नंतर. आईला पाय लावण्याआधी तिला नमस्कार करतात, एवढंच त्यामागे आहे. मग सूर्याकडे तोंड करून तीनदा ओंजळभर पाणी सोडायचं, तो अर्घ्य. पाणी प्यायचं मात्र नाही. गावाचं सांडपाणी नदीत येतं, हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

मांडवात ओटी मी भरेन, ताट तू धरायचंस. ताटात साडी, तिच्यावर खण, खणावर नारळ, शेंडी देवीकडे. बाजूला तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. आधी हळद वाहायची, मग कुंकू, आणि शेवटी ओंजळीने तांदूळ ओटीवर. काही जण खण-नारळ थेट नदीत सोडतात. आपण तसं करायचं नाही. कापड पाण्यात कुजतं, पायऱ्यांना अडकतं आणि अंघोळीला उतरलेल्याच्या पायात येतं. मांडवात दिलेली साडी देवीला पोचलीच.

संध्याकाळी दिवा सोडू. यात तुला सगळ्यात मजा येईल आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. द्रोण पानाचा घ्यायचा, चकचकीत कागदाचा किंवा थर्माकोलचा नाही. कोरडा द्रोण चिरतो, म्हणून तो सकाळपासून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवू. तळाशी चिमूटभर तांदूळ टाकायचे, म्हणजे द्रोण डुलत नाही आणि वात सरकत नाही. लांब वात एका बाजूला कलते आणि पानच पेटतं. फुलवात मधोमध उभी राहते. ती तुपात भिजवायची, कारण तेल डुचमळून सांडतं आणि तूप त्या दिवसांतल्या गारव्यात थिजून बसतं. दिवा लावल्यावर द्रोण तळहातावर घेऊन हात पाण्यात उतरवायचा. पाणी द्रोणाला उचलतं, तेव्हा हात खालून काढून घ्यायचा. वरून सोडलास तर लाटेने वात भिजते. पुढे ढकलायचा तर द्रोणाला बोट लावायचं नाही, त्याच्या मागचं पाणी हलवायचं. माघात कृष्णा संथ असते, बरेच दिवे फिरून पायरीशी परत येतात. तो अपशकुन नव्हे. विझलेला द्रोण उचलायचा आणि निर्माल्याच्या कुंडात टाकायचा.

महाप्रसादाला पंगतीत बसलो की सगळ्यांना वाढून श्लोक होईपर्यंत घास घ्यायचा नाही. पानात थोडंच घे, टाकायचं नाही.

आणखी एक. गुरू कन्या राशीत येतो तेव्हा कन्यागत लागतं. मागचं २०१६ साली लागलं होतं. हे दर बारा वर्षांनी येतं, आणि त्या काळात गंगा कृष्णेला भेटायला येते असं मानतात. बहिणी-बहिणींची भेटच ती. खाली नरसोबाच्या वाडीला तर पुराचाच सोहळा होतो: पाणी दत्ताच्या पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं आणि लोक तिथे स्नानाला जमतात.

दुसऱ्या दिवशी मेणवलीला जाऊ, वाईपासून तीनेक किलोमीटर. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि कृष्णेवर त्यांनी बांधलेला सुंदर घाट. घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तिथल्या चर्चमधली ती घंटा. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, ते शोधून काढायचं काम तुझं.

बॅगेत जुना पंचा, घट्ट झाकणाची तुपाची डबी आणि पायात सहज निघेल अशी चप्पल टाक. फुलवाती आजीकडे आहेत.

तुझी,
आई